गुडघ्याएवढी पाटी

मुलांच्या संग्रहालयाच्या दारात पोचेपर्यंत चिमणीने मामाचा हात तीनदा झटकला होता. वय वर्षं चार, पण झटका असा की मामाने चौथ्यांदा हात खिशातच ठेवला. सात वर्षांचा दादा दोघांच्या मधून पुलासारखा चालत होता.

मामा प्लंबर. चार वर्षं परगावी काम करून आठवड्यापूर्वीच परतला होता. चिमणीच्या लेखी तो म्हणजे बाथरूममध्ये ठोकाठोकी करणारा कुणीतरी मिशीवाला. पण उद्या ताईचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, भाऊजी दवाखान्यात थांबणार होते आणि मुलं चार दिवस मामाकडे राहणार होती. ताईने ऑपरेशन आधीच एकदा पुढे ढकललं होतं.

"ती तुझ्याजवळ राहायला तयार झाली तरच मी जाते," सकाळीच तिने बजावलं होतं. "रडत ठेवून जायची नाही. आणि लेकरू आहे ते, पाईप नाही, की पान्हा लावला आणि बसलं."

आत पहिल्याच दालनात साबणाचे फुगे होते, दुसऱ्यात लाकडी ठोकळे. मामा ठोकळा पुढे करी. चिमणी तो दादाकडून घेई.

"ती तुझ्यावर रागावली नाहीये," दादा हळूच म्हणाला. "तिला फक्त तू आवडत नाहीस."

"बरं झालं सांगितलंस," मामा म्हणाला. "जीव भांड्यात पडला."

तिसरं दालन पाण्याचं होतं. छताजवळ टाकी, तिच्यातून भिंतभर फिरवलेले पारदर्शक पाईप, खाली पन्हळी आणि प्लास्टिकची छोटी छोटी चक्रं. मुलं कोपरापर्यंत भिजली होती. मामाची नजर मात्र सरळ एका सांध्यावर गेली. थेंब पडत होते, सेकंदाला साधारण तीन. दिवसाकाठी किती बादल्या, हा हिशेबही त्याच्या मनात होऊन गेला.

जित्याची खोड. त्याने खिशातली पांढरी टेप काढली, त्या पाईपची चावी बंद करून सांधा सोडवला, टेपचे वेढे दिले, पिळून घट्ट बसवला आणि चावी उघडली. थेंब थांबले. सकाळपासून पहिल्यांदाच एखादं काम मनासारखं झालं होतं.

"तू माझं चक्र बंद केलंस."

मामाने खाली पाहिलं. चिमणी ओल्या फ्रॉकमध्ये उभी होती. सांध्याच्या बरोब्बर खाली तिने एक लाल चक्र धरलं होतं. ते थांबलं होतं. तिचा खालचा ओठ थरथरू लागला.

दादाने भिंतीवरच्या पाटीवर बोट ठेवलं. पाटी मुलांच्या उंचीला लावलेली होती, मामाच्या जेमतेम गुडघ्याएवढी. दादाने अक्षर अक्षर लावून वाचलं, "इथे कुठेतरी पाणी गळतंय. शोधा आणि त्यावर चक्र फिरवा."

"तिला सगळ्यांच्या आधी सापडलं होतं," तो म्हणाला. "मला पण नव्हतं सापडलं."

दालन सांभाळणारी बाई हसत पुढे आली. "अहो, हे गळतं ठेवायला आम्हाला किती खटपट करावी लागली. द्या, मी काढते टेप."

मामाचा हात सांध्याकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. तो खाली बसला, ओल्या फरशीवर, थेट मांडी घालून. आता पाटी त्याच्या नाकासमोर होती आणि चिमणीही.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "मी वाचलंच नाही. ही टेप तू काढशील का? मी पाईप धरतो."

चिमणीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चक्र त्याच्या मांडीवर ठेवलं. "हे पण धर."

मामाने पुन्हा चावी बंद केली आणि सांधा उघडून तिच्यासमोर धरला. ती नखाने टेपचं टोक शोधू लागली. ते सापडायला फार वेळ लागला. मामाने ते कुठे आहे हे सांगितलं नाही, यासाठी मात्र त्याला जीभ चावून धरावी लागली. अखेर टेप सुटली, सांधा पुन्हा बसला, चावी उघडली आणि पहिला थेंब मामाच्या मिशीवर पडला. चिमणी हसली. मग तिने चक्र धरलेला त्याचा हात मनगटाला पकडून बोटभर डावीकडे सरकवला, आणि चक्र फिरू लागलं.

पुढचा पाऊण तास मामा तिचा मदतनीस होता आणि बोलणी खात होता. "घट्ट नको. अजून सैल. तुला येत नाही का?"

बाहेरच्या बाकावर तिने ओले मोजे काढायला पाय सरळ मामाच्या पुढे केले.

"तुझ्या घरी गळतं?"

"छे. एक थेंबसुद्धा नाही," मामा अभिमानाने म्हणाला, आणि तिचा चेहरा पाहून त्याला चूक कळली. "म्हणजे, मागच्या अंगाला एक नळ आहे. त्याचा भरवसा नाही."

दादाने भुवया उंचावल्या. मामाने त्याला डोळा मारला.

तेवढ्यात ताईचा फोन आला. "रडली का रे?"

मामाने ओले मोजे पिळत फोन चिमणीच्या कानाला लावला.

"आई, तू जा दवाखान्यात," ती म्हणाली. "मला उद्या मामाकडे काम आहे."