माठाशेजारची जागा

गिरधरनाना बोलायला उठले तेव्हाच मला सावध व्हायला हवं होतं. आधीच्या तीन बैठकांत हा माणूस नुसता चहा पिऊन गेला होता. या वेळी त्यांच्या हातात आमचाच अहवाल होता आणि अकराव्या पानावर बोट होतं.

आमची संस्था चार वर्षं एकच गोष्ट मागते आहे. जळगावात नव्या इमारतीला परवानगी देताना ऊर्जेचे नियम सक्तीचे करा. छतावर ऊन अडवणारा थर, खिडकीवर पुरता छज्जा, वारा आरपार जाईल अशा खिडक्या. एवढं झालं तर मे महिन्यात माणूस घरात बसू शकतो आणि विजेचं बिलही आवाक्यात राहतं. महापालिकेची समिती म्हणाली, पुरावा आणा. मग आम्ही दहा घरांत तापमान नोंदणारी यंत्रं ठेवली. ते काम माझ्याकडे होतं, आणि त्याचा मला बराच तोरा होता.

गिरधरनाना मूळचे साक्रीचे, जळगावात त्यांच्या सात इमारती. "दिपमालाताई, हाई घर मन्ही इमारतमा शे," ते म्हणाले. "तिसरा मजला, वर नुसता स्लॅब. तरी तुम्हनं मशीन सांगस, भर दुपारले तेहतीस. मंग नियम कसाले जोयजे?"

मग नियम हवेतच कशाला, या सवालावर सगळे हसले. बाहेर चव्वेचाळीस होतं आणि आमच्या पुराव्यात एक घर हिल स्टेशन झालं होतं. अध्यक्षांनी आठ दिवस दिले. या आकड्याचा खुलासा करा, नाहीतर विषय या वर्षापुरता बंद. म्हणजे पुढच्या वर्षभरात उभी राहणारी सगळी घरं पुन्हा तशीच भट्टी.

बाहेर आल्यावर आमचे हितेंद्र सर एवढंच म्हणाले, "यंत्र तू स्वतः लावलं होतंस ना?"

मी हो म्हणाले. नोंदीच्या फॉर्मवर तसंच लिहिलं होतं, "स्वतः भिंतीवर, पलंगाच्या उंचीवर बसवले", खाली माझी सही. खरं असं होतं की त्या दिवशी मला धुळ्याची दोनची बस गाठायची होती. दारातच मी यंत्राची डबी त्या घरच्या अकबरीभाभींच्या हातात दिली, महागाचं आहे, नाजूक आहे, जपा, असं बजावलं आणि जिना उतरले. फॉर्म बसमध्ये भरला. पारोळा यायच्या आत मी तो प्रकार विसरलेही.

आता आठवला, पण माझं डोकं भलतीकडेच धावलं. घर नानांचं, भाडेकरू नानांचे. आकडा खाली यावा म्हणून नानांनी दम दिला असणार किंवा भाडं माफ केलं असणार. रिक्षा अकबरीभाभींच्या दारात पोचेपर्यंत माझी खात्रीच झाली होती. स्वतःची चूक दिसू नये म्हणून माणूस किती पटकन दुसऱ्याला चोर ठरवतो, हे मी आता लिहू शकते. तेव्हा नुसती फणफणत तीन मजले चढले.

अकबरीभाभींनी दार उघडलं, पाणी आणलं. मी पाण्याला हात लावला नाही. उभ्या उभ्या विचारलं, "यंत्र कुठे ठेवायचं, ते नानांनी सांगितलं होतं का तुम्हाला?"

त्यांना प्रश्नच समजला नाही. त्यांना वाटलं, मी यंत्र परत न्यायला आले. त्या कौतुकाने मला आत स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

त्या घरात एकच जागा थंड होती. वर माळा, त्यामुळे स्लॅबची धग थेट खाली येत नव्हती. बाजूला उत्तरेची खिडकी आणि खाली वाळूवर ठेवलेला माठ. माठाशेजारी स्टूल, स्टुलावर धुतलेला रुमाल अंथरलेला, आणि त्यावर माझं यंत्र. धूळ बसू नये म्हणून वर मलमलीचं फडकं.

"एक दिवस ऊन लागू दिलं नाही, ताई," त्या म्हणाल्या. "तुमची अमानत होती."

मी खाली बघितलं. फरशीवर चार गोल डाग होते, वर्षानुवर्षं एखादी जड वस्तू एकाच जागी उभी राहिली की उठतात तसले. इथे काय होतं, असं मी विचारलं.

"अब्बांचा पलंग. स्टूल ठेवायला जागा नव्हती, म्हणून पुढच्या खोलीत हलवला."

रमजानचाचा म्हणजे त्यांचे सासरे. जन्मभर पिंजाऱ्याचं काम केलेला माणूस. निम्म्या पाचोरा गावाच्या गाद्या त्यांनी भरल्या असतील. चार वर्षांपूर्वी लकवा झाला आणि उजवी बाजू गेली. आत शिरताना मी त्यांच्या पलंगाजवळून गेले होते आणि रागात त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं. आता पाहिलं. पश्चिमेच्या भिंतीला लागून पलंग, वर उघडा स्लॅब. अंगावर ओला पंचा, डोळे मिटलेले. सहा आठवडे माझं यंत्र त्यांच्या जागेवर होतं आणि ते इथे.

एप्रिलच्या शेवटी त्यांना दोन दिवस सलाईन लावावं लागलं, हे भाभींनी सहज बोलता बोलता सांगितलं. ऊन बाधलं, असं डॉक्टर म्हणाले. हसीब, म्हणजे भाभींचा नवरा, मला फोन करणार होता, पण भाभींनीच नको म्हटलं. घरात आजारी माणूस आहे हे कळलं तर मी यंत्र उचलून दुसऱ्या घरी देईन, अशी त्यांना भीती होती. "सगळ्या घरांसाठी कायदा होणार होता ना, ताई. आपल्यामुळे अडायला नको."

त्या एप्रिलमध्ये मी चार ठिकाणी भाषणं केली होती. घरातल्या उन्हाने सगळ्यात आधी म्हातारी आणि आजारी माणसं जातात, हे वाक्य प्रत्येक भाषणात होतं. टाळ्या त्याच वाक्याला पडायच्या. मला इतकी लाज वाटली की बसायला जागा असून मला बसता येईना.

मी त्यांना खरं सांगितलं. यंत्र जपायचं नव्हतं, तापू द्यायचं होतं. जिथे माणूस झोपतो तिथे ते मीच लावायला हवं होतं. लावलं नाही आणि लावलं असं खोटं लिहिलं. नानांबद्दलचा संशयही सांगितला.

अकबरीभाभी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे सहा हप्ते आम्ही तुमचं काम बिघडवलं."

आम्ही दोघींनी मिळून स्टूल हलवलं, चाचांसकट पलंग उचलला आणि पुन्हा त्या चार डागांवर ठेवला. चाचांनी डोळे उघडले, माठाकडे पाहिलं आणि परत मिटले. मग मी यंत्र पुढच्या खोलीत, पलंग होता तिथेच भिंतीवर, पलंगाच्या उंचीवर बसवलं. या वेळी स्वतः. नवा फॉर्म घेतला आणि आधीची नोंद कुठे झाली, का झाली, जुन्या फॉर्मवर खोटं काय होतं, ते माझ्या नावानिशी लिहिलं. पुढच्या बैठकीत नाना हा कागद मोठ्याने वाचतील, आणि त्यांनी तो वाचावाच. नोकरी राहील की नाही, याचा मी तेव्हा विचार केला नाही. नंतर खूप केला.

तीन वाजता आकडा बघितला. एकेचाळीस पूर्णांक सहा.

आणि मला आनंद झाला. हे लिहायला नको वाटतं, पण झाला. चार वर्षं मला हवा होता तो आकडा डोळ्यांसमोर होता, आणि क्षणभर माझ्या मनात दुसरं काहीच नव्हतं. बैठक दिसली, नानांचं पडलेलं तोंड दिसलं. सहा आठवडे त्या आकड्यात कोण झोपलं होतं, ते नंतर आठवलं.

अकबरीभाभी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "चांगला आला का आकडा?"

खोटं बोलायची सोय राहिली नव्हती. मी हो म्हणाले.

त्यांचा चेहरा उजळला. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांनी आत सांगितलं, अब्बा, ताईंचा आकडा चांगला आला. चाचांचा डावा हात हळूहळू कपाळाशी गेला. जीभ जड होती, पण शब्द मला नीट कळला.

"मुबारक, बेटी," ते म्हणाले.