पुसलेली सव्वीस मिनिटं

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आधी स्वतःच्या चकाकीचं कौतुक करतात. तेही मी करणार आहे, थोडंसं. पण आधीच सांगून ठेवतो, माझ्या हातून एक अपराध घडला आहे आणि त्यासाठी मला कुणी एका शब्दानं बोललेलं नाही. ज्यासाठी बोलले, तो मी केलाच नव्हता.

एकोणीसशे नव्याण्णव साली पार्वताबाईंनी मला गोंदियाच्या बाजारातून मुर्रीला आणलं. दोन स्पीकर, मधे कॅसेटची खिडकी, एक लाल बटण. राईस मिलमधून आल्या की हातपाय धुऊन त्या माझ्यावर बुद्धवंदना लावायच्या. मला वाटलं, आपलं आयुष्य असंच शांतीत जाणार. पण त्यांचा मुलगा संघदीप मोटार वाइंडिंगच्या दुकानात कामाला होता आणि त्याच्या डोक्यात चाली होत्या. त्यानं माझं लाल बटण दाबलं आणि माझी शांती संपली.

संघदीपला चाली सुचायच्या, शब्द सुचायचे नाहीत. शब्द सुचायचे भूपेंद्रला, आणि तो राहायचा दूर अर्जुनी मोरगावला, झेरॉक्सच्या दुकानात. दोघांनी एक रीत पाडली. संघदीप कॅसेटच्या एक नंबर बाजूवर गिटार वाजवत चाल गुणगुणायचा. शब्द नसायचे, नुसतं "एक दोन तीन चार, तांदूळ, तांदूळ". ती कॅसेट एसटीचे कंडक्टर मनिरामभाऊ पिशवीत टाकून न्यायचे. आठ-दहा दिवसांनी ती परत यायची तेव्हा दोन नंबर बाजूवर भूपेंद्रचे शब्द असायचे. तांदळाच्या जागी असं काही यायचं:

*चिखलात पाय, पाण्यात आभाळ,*
*कोण कोणाले रोवते?*

पहिल्यांदा हे माझ्यातून वाजलं तेव्हा रोवणीहून, म्हणजे भातलावणीहून, आलेल्या पार्वताबाई पायाचा चिखल न धुता दारातच उभ्या राहिल्या.

त्यातून बँड उभा राहिला. लग्नाच्या बँडपार्टीतले चुन्नीलालकाका सॅक्सोफोन घेऊन आले, ऑर्केस्ट्रातला एक ड्रमवाला आला. गोंदियाहून सुटणाऱ्या, अरुंद रुळांवरच्या जुन्या छोट्या गाडीची आठवण म्हणून नाव ठेवलं 'छोटी लाइन'. नागपूरच्या एका पेपरानं लिहिलं, ही जॅझ-रॉक मंडळी आहेत.

"ज्याझ म्हंजे काय गा?" पार्वताबाईंनी विचारलं.

"माय, ठेका सोडून पळाचं आन् वेळेवर परत याचं," संघदीप म्हणाला.

"मंग तुहा बापही ज्याझच होता. फक्त वेळेवर येत नव्हता."

चुन्नीलालकाका हसता हसता सॅक्सोफोनमध्ये शिंकले होते. तो आवाजही माझ्याकडे आहे.

पाच-सहा वर्षं ही मंडळी देवरीपासून भंडाऱ्यापर्यंत वाजत फिरली. प्रत्येक कार्यक्रमाला मला न्यायचे आणि स्टेजच्या पुढ्यात खुर्चीवर ठेवून लाल बटण दाबायचे. भूपेंद्र मात्र कधी वर चढला नाही. स्टेजच्या पायरीशी उभा राहून तो ओठांतल्या ओठांत आपले शब्द म्हणायचा.

दोन हजार सहाच्या जानेवारीत गोंदियात मोठा कार्यक्रम झाला. माणूस मावत नव्हता. शेवटच्या गाण्यानंतर निवेदक माइकवर ओरडला, "ये सारे गाने जिन्होंने लिखे और बनाए, संघदीप!" टाळ्या पडल्या. संघदीपनं हात जोडले. माइक त्याच्या हातातच होता. दोन शब्दांचं काम होतं, पण तो बोलला नाही. मित्रांनो, मी ते सगळं भरून घेतलं आहे. टाळ्या आहेत, शिट्ट्या आहेत, भूपेंद्रचं नाव नाही.

दुसऱ्या दिवशी भूपेंद्र मुर्रीला आला आणि दारातूनच म्हणाला, "काऊन गा? माह्यं नाव घ्याले जीभ जड झाली होती का?"

"घेतलं होतं ना," संघदीप म्हणाला. "टाळ्यांत गेलं असन."

"असं? मंग टेप लाव."

कॅसेट माझ्या पोटातच होती. संघदीप माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "टेप नाही राहिली. या मशीननं खाल्ली."

भूपेंद्रनंही माझ्याकडे पाहिलं. आल्या पावली तो परत गेला.

मी टेप खायचो, हे खरं आहे. पावसाळी हवेत माझी चाकं चिकटायची आणि फीत गुंडाळली जायची. पण ती टेप मी खाल्ली नव्हती. संघदीपनं ती बाहेर काढून कपाटात कपड्यांखाली ठेवली आणि सगळ्या बँडमध्ये माझं नाव झालं, टेपखाऊ. मला फार लागलं ते. मी मनाशी पण केला की यापुढे जीव गेला तरी टेप खाणार नाही. माझ्या अपराधाचं मूळ या फुगलेल्या मानात आहे.

पाच महिने कॅसेट आली नाही. आषाढात, रोवणीच्या दिवसांत, मनिरामभाऊंनी एक आणून दिली.  संघदीपनं स्पिरिटचा बोळा घेऊन माझं हेड पुसलं, कॅसेट घातली आणि नेहमीच्या रीतीप्रमाणे दोन नंबर बाजू लावली. नुसती खरखर. पुढे ढकलून पाहिलं, तरी खरखरच. एक नंबर बाजू त्यानं पाहिलीच नाही. तिथं त्याचीच जुनी चाल होती ना, ती काय ऐकायची.

"कोरी पाठवली माय," तो म्हणाला. "शब्द देत नाही म्हणते."

"बरोबर पाह्य ना गा," पार्वताबाई म्हणाल्या. "त्या पोराचं मन असं नाही."

"पाह्यलं ना!"

तेवढ्यात चुन्नीलालकाका आणि ड्रमवाला सरावाला आले. संघदीपनं तीच कॅसेट उलटली आणि एक नंबर बाजूवर लाल बटण दाबलं. कॅसेटच्या पाठीवरची खुटी मोडली असती तर बटण दबलंच नसतं. पण भूपेंद्रनं ती मोडली नव्हती. कॅसेट उत्तर घेऊन परत यायची होती, म्हणून.

माझ्यात दोन हेड आहेत. एक पुसतं, दुसरं भरतं. पुसणाऱ्या हेडखालून फीत जाऊ लागली आणि मला कळलं, इथं जुनी चाल नाही. इथं भूपेंद्रचा आवाज आहे. दोनच शब्द मला लागले, "संघदीप, मी...", आणि ते गेले.

त्या दिवशी हवा अशी ओली होती की भिंतींना घाम आला होता. इतर वेळी मी दहादा अडकलो असतो. फक्त एकदा फीत गुंडाळायची होती. संघदीपनं शिव्या दिल्या असत्या, बोटानं फीत सोडवली असती, वाजवून बघितली असती. पण आज मला चांगलं वागून दाखवायचं होतं. मी सव्वीस मिनिटं लोण्यासारखा चाललो.

"आज मशीननं तरास नाही देल्ला," चुन्नीलालकाका म्हणाले आणि मला थोपटलं. ती थाप मला अजून भाजते.

बँड त्यानंतर वर्षभर कसाबसा चालला. तांदूळ-तांदूळवर कार्यक्रम होत नसतात. संघदीपचं लग्न झालं, दीप्ती नावाची मुलगी झाली, घरात मोबाईल आले, आणि मी माळ्यावर धानाच्या रिकाम्या पोत्यांत गेलो.

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात चुन्नीलालकाका वारले. मातीहून आल्यावर पार्वताबाई म्हणाल्या, "चुन्नीलालचा बाजा ऐकव गा एकडाव." संघदीपनं मला खाली उतरवलं. पाच वर्षांच्या दीप्तीनं फडक्यानं माझी धूळ पुसली. ती सरावाची कॅसेट लागली आणि सॅक्सोफोन घरभर झाला. तो संपला तरी बटण बंद करायला कुणी उठलं नाही, कारण सगळे रडत होते. म्हणून फीत पुढे चालत राहिली, आणि सव्वीस मिनिटांपुढे भूपेंद्र बोलू लागला. आधी एक चाल गुणगुणला, बेसूर, हळू. मग:

"...बस. पह्यल्यांदा मीच चाल लावली, म्हणून एक नंबर बाजू घेतली, हासजो नको. माह्यं नाव नाही घेतलं तरी चालते, पण गाणे बंद नको करू. उत्तर पाठवजो. मंडईपर्यंत वाट पाहीन."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. अशा सात मंडया होऊन गेल्या होत्या.

"टेपमंधले आबा कोणाची वाट पाहून राहिले?" दीप्तीनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं संघदीप मला टॉवेलात गुंडाळून अर्जुनी मोरगावला घेऊन गेला. झेरॉक्सच्या दुकानात भूपेंद्र मान खाली घालून कागद लावत होता. केस पांढरे झाले होते.

"किती कॉप्या?" त्यानं न बघता विचारलं.

"टेप लावाची आहे," संघदीप म्हणाला.

झेरॉक्सचं मशीन थांबलं. संघदीपनं आधी कपड्यांखालची ती कॅसेट लावली. टाळ्या, शिट्ट्या, निवेदक. नाव नाही. "याच्यानं नव्हती खाल्ली," माझ्यावर हात ठेवून तो म्हणाला. "मी खोटं बोललो होतो."

"मले तवाच समजलं होतं," भूपेंद्र म्हणाला. "तुह्या तोंडून ऐकाचं होतं."

अशी माझी खोट्या आरोपातून सुटका झाली. मला आनंद व्हायला हवा होता. मग दुसरी कॅसेट लागली आणि संघदीपनं विचारलं, "याच्या आंधी काय बोलला होतास?"

भूपेंद्र खूप वेळ आठवत राहिला. "नाही गा आता ध्यानात. बरंच बोललो होतो. मधात रडलोही असन."

"मी पुसलं," संघदीप म्हणाला.

मला ओरडून सांगायचं होतं, एकट्यानं नाही. पण टेपरेकॉर्डरला दुसऱ्याचाच आवाज असतो.

आता दोघं महिन्यातून एकदा एकाच खोलीत बसतात. माझं पुसणारं हेड मेलं आहे. नवं भरलं तरी खालचं पूर्ण जात नाही. त्याच कॅसेटवर त्यांनी भूपेंद्रच्या चालीचं गाणं भरलं, तर त्याच्या खालून चुन्नीलालकाकांचा सॅक्सोफोन बारीक ऐकू येतो. दुरुस्तीवाला हेड बदलायला निघाला तेव्हा संघदीपनंच त्याला थांबवलं.

मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्रांची धूळ पुसा, त्यांना माळ्यावर टाकू नका, हे तर मी म्हणणारच. पण एक मागणं त्याहून मोठं आहे. कुणाचं काही कोरं वाटलं, तर लाल बटण दाबण्याआधी ते शेवटपर्यंत ऐका. आमच्यासारखी यंत्रं तुम्हाला अडवतील यावर विसंबू नका. आम्हालाही शाबासकी हवी असते.

ती कॅसेट वाजते तेव्हा वर गाणं असतं, खाली सॅक्सोफोन असतो. मी त्याच्याही खाली कान लावतो. तिथं काहीच नाही.