सुनयनाची तुला आणि मी

मी एक जुना तराजू आहे, मित्रांनो, आणि सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मी खोटं वजन कधीच दाखवलेलं नाही. आमच्या बेटावरच्या पेती राफ्रे गावात कुणी वेगळं काही सांगितलं, तर त्याला सरळ माझ्याकडे पाठवा.

माझी दांडी साखर कारखान्याच्या भंगारातली. देवराज लोहारानं ती तापवून सरळ केली, मधोमध काटा बसवला आणि दोन्ही टोकांना साखळ्यांनी लाकडी पारडी टांगली. कृष्णदेव दुकानदारानं मला त्याच्या दुकानाच्या पडवीत लटकवलं. मी बटाटे तोलले, कांदे तोलले, भुईमूग तोलला. पंचाहत्तर सालच्या वादळात दुकानाचे पत्रे उडाले, पण मी जागा सोडली नाही. गिऱ्हाइकानं कुरकुर केली की कृष्णदेव माझ्याकडे बोट दाखवायचा. "बालांसला इचार," म्हणायचा. आमच्याकडे तराजूला बालांस म्हणतात. ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

वर्षातून एकदा मात्र माझ्यावर चक्क माणूस बसायचं. दुकानाला लागूनच सत्यदेव आणि इंद्राणी यांचं घर होतं. तो उसाच्या मळ्यात कामाला, ती घरामागे भाजी पिकवून बाजारात विकायची. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. तेव्हा इंद्राणीनं गणपतीला नवस केला, मूल झालं तर ते मोठं होईपर्यंत दर गणेशचतुर्थीला त्याची साखरतुला करीन. सुनयना झाली आणि तुला सुरू झाली. एका पारड्यात पोर, दुसऱ्यात साखर. दोन्ही पारडी एका पातळीत आली की ती साखर गावभर प्रसाद म्हणून वाटायची.

आणि पोर काय वाढत होती म्हणून सांगू. वर्षाची होती तेव्हा दोन वर्षांची दिसायची. मांड्यांना वळ्या, मनगटाला दोरा बांधल्यासारखी घडी. बायका येता-जाता तिचे गाल ओढायच्या. साखर ओतण्याचा मान तिच्या आत्याचा, चंद्रकलाचा. सुनयनाचं पारडं जमिनीला टेकलेलंच असायचं, आणि चंद्रकला अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणायची, "अजून आणा, पोर खाली हाय." मलाही वाटायचं, हिच्या वाढीत थोडा माझाही हात आहे.

मग अठ्ठ्याहत्तर सालची चतुर्थी आली. सुनयना सात वर्षांची झाली होती. ती उंच झाली होती आणि गाल बसले होते. वाढीचं वय आहे, असं सगळे म्हणत होते. मागच्या वर्षी साखरेची गोणी रिकामी झाली होती. या वर्षी गोणीत पाव भाग साखर शिल्लक होती, तोच सुनयनाचं पारडं वर गेलं.

चंद्रकलानं साखरेचं माप खाली ठेवलं. पोर वर्षानं मोठी झाली आणि वजनानं घटली, तेही गणपतीच्या दिवशी. असा अपशकुन कुणाला हवा होता? शेवटी चंद्रकला म्हणाली, "आयो, बालांस गाते हाय." म्हणजे तराजू बिघडला आहे. लगेच सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कृष्णदेवकडे पाहिलं. रोज माझी शपथ घेणारा तो माणूस जमिनीकडे बघत म्हणाला, "जुनं झालंय ते. काय सांगता येत न्हाय."

मला संताप आला. पण राग आला तरी काटा हलू द्यायचा नाही, हाच आमचा धर्म. मी काटा मधोमध धरून ठेवला. लोकांनी मला काढून मागच्या अंगणात भिंतीशी टेकवलं.

तिथून मला सुनयनाच्या घराचा नळ दिसायचा. सुनयना नळावर यायची, ओंजळी ओंजळीनं पाणी प्यायची, संडासाकडे पळायची आणि पुन्हा नळावर यायची. चंद्रकलाचा जीव पोरीवर होता, त्यात शंका नाही. पोर अशक्त झाली म्हणून ती तुलेतलीच साखर घालून सरबत करायची, बाजारातून आलुदा आणायची. आलुदा म्हणजे आमच्याकडचं गोड थंड दूध. सुनयना सगळं गटागटा प्यायची आणि तरी तहानलेलीच राहायची. हे सगळं बघत मी भिंतीशी पडून होतो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

चार-सहा दिवसांनी इंद्राणीला संडासाजवळ मुंग्या दिसल्या. पोरगी जिथे लघवीला बसली होती, नेमक्या तिथेच त्या लागल्या होत्या. इंद्राणीनं वाकून मुंग्या नीट बघितल्या. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

तिनं मला फणसाच्या फांदीला टांगलं. सुनयनाला एका पारड्यात बसवलं आणि दुसऱ्यात बटाटे टाकत गेली, काटा मधोमध येईपर्यंत. मग तिनं जागा बदलल्या. पोर इकडच्या पारड्यात, बटाटे तिकडच्या. बाजारात बसणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं. लबाड तराजू असा उलटा केला की लगेच पकडला जातो. मित्रांनो, माझा काटा जिथे होता तिथेच राहिला. कृष्णदेव दारात उभा राहून बघत होता.

"बालांस खरं बोलतंय," इंद्राणी म्हणाली. "माझी पोर सुकतेय."

सुनयना पारड्यातच कलंडली होती. ती धापा टाकत होती आणि तिच्या श्वासाला फार पिकलेल्या फळाचा वास येत होता.

"मुंग्या म्हंजे दियाबेत, साखरेचा आजार," कृष्णदेव चाचरत म्हणाला. "पर ते तर बुढ्यांना होतं."

"लोपितालात इचारू. तू गाडी काढ."

त्यानं मालाची गाडी काढली. इस्पितळात पोचेपर्यंत सुनयना हाकेला ओ देत नव्हती. आणखी एक दिवस गेला असता तर ती हाती लागली नसती, असं डॉक्टरांनी सांगितलं. हा मधुमेह लहान मुलांनाही होतो, अगदी गुटगुटीत वाढलेल्या मुलांनाही. शरीरात इन्सुलिन तयार व्हायचं थांबतं, म्हणून ते रोज सुईनं द्यावं लागतं. इंद्राणीनं भीत भीत विचारलं, हे माझ्या नवसाच्या साखरेनं झालं का? डॉक्टर म्हणाले, नाही बाई, यात कुणाचीच चूक नाही.

पोर घरी आली आणि गावाच्या जिभा सैल सुटल्या. आता ही वाढायची नाही, हिला कोण करून घेणार, निदान कुणाला कळू तरी देऊ नका. इंद्राणी रोज सकाळी अंगणातल्या चुलीवर इन्सुलिनची काचेची पिचकारी उकळायची, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. कुणी हटकलं तर म्हणायची, "लपवायला ही काय चोरी हाय?"

पुढच्या चतुर्थीला तिनं सुनयनाला आपल्या वाफ्यातल्या भोपळ्यांशी, दुधीशी, कोबीशी तोललं. नवस साखरेचा होता, देव कोपेल, असं लोक म्हणाले. "देवानं साखर मागितली नव्हती," इंद्राणी म्हणाली, "मी कबूल केली होती. माझं मी बघीन." त्या वर्षी भाजी गावभर वाटली गेली आणि देव काही कोपला नाही. चंद्रकला मात्र गप्प झाली होती. भाजी ठेवायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही.

आता मी गंजलो आहे. दुकानात तबकडीचा नवा काटा आला आहे. मला तेल द्या, पुसा, अशी विनवणी मी करणार नाही. माझं मागणं एकच आहे. पोर सतत पाणी पिऊ लागली, खाऊनही सुकू लागली, तर वाढीचं वय म्हणून हसू नका आणि तराजूला खोटं पाडू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

शेवटची तुला शहाऐंशी साली झाली. सुनयना पंधरा वर्षांची होती, आईहून उंच. कृष्णदेवनं नवा काटा पुढे केला. "माझं वजन ह्याच बालांसवर," ती म्हणाली आणि येऊन माझ्या पारड्यात बसली. चंद्रकला एकेक भोपळा ठेवत गेली, मग दुधी, मग कोबी. टोपल्या रिकाम्या झाल्या, तरी सुनयनाचं पारडं जमिनीवरून उठेना. चंद्रकला रिकाम्या हातांनी उभी राहिली. तिनं आधी सुनयनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतक्या वर्षांनी तिचा आवाज पुन्हा अख्ख्या गल्लीला ऐकू गेला.

"अजून आणा, पोर खाली हाय."