वडिलांच्या नावाची ओळ

एनोसने शेवंडींच्या मिशा ओल्या गोणपाटाखाली दाबल्या आणि मान वर न करताच म्हणाला,

“हात ओले आहेत, दादा.”

सायलस होडीच्या कडेला गुडघाभर पाण्यात उभा होता. हातातलं प्लास्टिकचं पाकीट त्याने आणखी थोडं वर धरलं. आतल्या कागदावर त्याची सही होती, दोघांच्या बायकांच्या सह्या होत्या. एक जागा रिकामी होती.

“मागच्या रविवारी कोरडे होते की तुझे हात.”

“रविवारी काम करत नाहीत.”

“सही म्हणजे काम?” सायलस हसला. त्याचा पुढचा एक दात पडला होता आणि हसताना तो लपवायचं त्याला कधी सुचलं नाही. “एनोस, पोरीला अठरा पुरी व्हायला दोन महिने राहिलेत. त्याच्या आत हे उरकलं तर तिला कशाचीच खबर लागणार नाही. एकदा अठरा झाली की सगळी पत्रं तिच्याच नावाने येणार.”

“माहीत आहे.”

“मग?”

“भरती येतेय. होडी काढू दे मला.”

सायलस पाणी तुडवत किनाऱ्याकडे निघून गेला. तो रागावला असता तर एनोसला बरं वाटलं असतं. पण थोरल्या भावाला रागावताच येत नसे, आणि नेमकं हेच एनोसला सगळ्यात जास्त झोंबायचं.

बेटावर मूल देणं काही नवं नव्हतं. भावाच्या घरी पाळणा हलत नसेल तर आपल्या घरचं मूल त्याच्याकडे जायचं, आणि गेलं की गेलं. त्याबद्दल बोलायचं नाही, मुलाशी तर कधीच नाही. एनोसची तिसरी मुलगी डोरकस एकवीस दिवसांची असताना त्याने स्वतःच तिला उचलून सायलसच्या बायकोच्या, आयडाच्या, मांडीवर ठेवलं होतं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. त्या दिवशी आपण फार मोठे झालो असं त्याला वाटलं होतं. ते मोठेपण जेमतेम दीड महिना टिकलं.

पुढे पोर चालायला लागली ती सायलसच्या मागे. सायलसच्या शिळ्या विनोदांना हसायला लागली. भाला मारायला तिला सायलसने शिकवलं, तेही चुकीचं, कोपर बाहेर काढून. सबंध बेटावर एनोसच्या तोडीचा पाणबुड्या नव्हता, आणि आपली पोर कोपर बाहेर काढून भाला मारते हे त्याला चार घरं पलीकडून सतरा वर्षं बघावं लागलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्याच्या दोन थोरल्या मुली त्याच्याच घरात वाढल्या, लग्नं होऊन ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर, केर्न्सला गेल्या. त्यांना खायला काय आवडायचं, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. डोरकसला कासवाची अंडी आवडत नाहीत, हे मात्र त्याला पाठ होतं.

एकाच जागी सायलसचं काही चालत नव्हतं. डोरकसच्या जन्माच्या दाखल्यात वडिलांच्या नावाच्या ओळीत एनोस होता. भावांचं आडनाव एकच, त्यामुळे शाळेत, दवाखान्यात कुणाला शंका आली नाही. कागदपत्रांचं जे काही असेल ते सायलस निस्तरायचा. आता सरकारने बेटांची ही रीत मान्य केली होती. चार सह्या झाल्या की सायलसच्या नावाचा नवा दाखला निघणार आणि जुना कुलपात जाणार. सगळं बेट म्हणत होतं, बरं झालं, उशिरा का होईना सरकारला अक्कल आली. एनोससुद्धा तेच म्हणायचा. फक्त सही करत नव्हता.

“दिलेलं मूल आहे ते,” त्याची बायको नेटी नारळ खवता खवता म्हणाली. “उसनं दिलं होतंस काय?”

“तुला काहीच वाटत नाही?”

“नऊ महिने पोटात मी वाढवली. मला काय वाटतं हे विचारायला तुला सतरा वर्षं लागली.” तिने करवंटी बाजूला भिरकावली. “सही कर.”

पुढच्या रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेनंतर जेवणावळ होती. एनोस पानावरची नारळाच्या दुधातली रताळी चिवडत बसला होता, तेवढ्यात डोरकस शेजारी येऊन टेकली. होडी चालवण्याच्या परवान्यासाठी तिला दुसऱ्या बेटावर, थर्सडे आयलंडला, शिकायला जायचं होतं.

“काका, तिथे जन्माचा दाखला मागतायत. बाबा रोज म्हणतो, बघू. महिना झाला त्याच्या ‘बघू’ला.”

समोर सायलस ढोल बडवत होता. ताल चुकत होता आणि पोरंटोरं त्याला हसत होती, तोही हसत होता. एनोस त्याच्याकडे बघत राहिला.

“बाबावर कशाला अडून बसतेस? फोनवरून मागवता येतो. स्वतःच मागव.”

“मला देतील?”

“तुझाच तर आहे. न द्यायला काय झालं?”

बस, इतकंच. त्याने रीत मोडली नव्हती. उद्या पोरीला कळलं तर ते सरकारी कागदावरून कळणार; त्याच्याकडे कोण बोट दाखवणार? घरी जाताना तो शीळ घालत होता. नेटीने दोनदा मागे वळून पाहिलं.

टपाल आठवड्यातून दोनदा विमानाने यायचं. पंधरा दिवस एनोस समुद्रावर उशिरा गेला आणि लवकर परतला. ती धावत येईल, रडेल, मला का दिलंस म्हणून विचारेल. त्याची उत्तरं तयार होती. आणि सायलस दाराबाहेर उभा असेल. सायलस बाहेर आणि आपण आत, हा भाग तो पुन्हा पुन्हा मनात घोळवायचा. त्याची त्याला लाज वाटायची, तरी घोळवायचा.

ती आली तेव्हा तो बदामाच्या झाडाखाली बुडी मारतानाच्या हवेच्या नळीची गळती शोधत होता. ती धावत आली नाही. उपड्या टबावर बसली आणि हातातला लिफाफा तिने गुडघ्यावर ठेवला.

“आला दाखला.”

“वाचलास?”

“काल.”

तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. कपाळ, नाक, कान, सगळं सावकाश बघितलं. आपल्या चेहऱ्याचं काय करावं, ते एनोसला कळेना.

“छपाईची चूक आहे यात,” ती म्हणाली.

“चूक?”

“दोन ओळींत. आईचं आणि बाबाचं नाव चुकलंय.” आवाज शांत होता, पण हनुवटी थरथरत होती, नेटीची थरथरते तशीच.

“डोरकस, ऐक...”

“चूकच आहे, काका. दुरुस्तीचा कागद बाबाच्या कपाटात आहे, तोही पाहिला मी. तुझीच सही राहिलीय.”

त्याने तयार ठेवलेल्या उत्तरांपैकी एकही कामाचं नव्हतं.

“तुला मला काहीच विचारायचं नाही?”

“आहे. पुष्कळ आहे.” तिने डोळे पुसले. “पण विचारत बसले तर घरी गेल्यावर बाबा माझं तोंड बघून ओळखेल. त्याला कळता कामा नये, मला कळलंय म्हणून. कधीच नाही. तो मरेल, काका.”

“मी नाही सांगणार.”

“नेटीकाकूलासुद्धा नाही. शपथ घे.”

त्याने शपथ घेतली. मग दाखला फाडून टाकावा म्हणून हात पुढे केला. तिने तो दिला नाही. चार घड्या घालून सदऱ्याच्या आत सरकवला आणि उठून गेली.

संध्याकाळी हात धुऊन, पुसून एनोस भावाच्या घरी गेला. त्याला दारात बघून सायलस धडपडत उठला आणि स्वयंपाकघराकडे वळून ओरडला,

“डोरकस, शेजारून साखर आण जरा!”

“साखर आहे घरात,” आयडा म्हणाली.

“संपलीय!” सायलसने तिच्याकडे डोळे वटारले.

मग तिलाही उमगलं, आणि तिने साखरेचा डबा घाईघाईने फळीवरच्या भांड्यांमागे ढकलला. डोरकस बाहेर आली. काहीच न कळल्यासारखी, रिकामी वाटी घेऊन. दारात तिने एनोसकडे फक्त एकदा बघितलं आणि पायऱ्या उतरून गेली.

एनोसने सही केली. सायलसने त्याला घट्ट मिठी मारली, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला आणि म्हणाला, “आता पोरीला हे कधीच कळायचं नाही.”

“नाही कळायचं,” एनोस म्हणाला.

सतरा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याजवळ पोरीचं असं एक गुपित होतं, जे सायलसजवळ नव्हतं. आणि ते भावाला दाखवायची सोय नव्हती.