मुरलेलं पाणी

"मावशी, त्या दोघांचं काय करायचं ते करा. टाकी मात्र उद्यापर्यंत रिकामी हवी," डॉक्टर म्हणाले आणि पुन्हा पेशंटच्या तोंडात डोकावले.

काय करायचं ते करा. म्हणजे संडासात ओता, पण मला सांगू नका. बावीस वर्षं मी या दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांची अवजारं निर्जंतुक करते आहे. त्यांची भाषा मला त्यांच्या बायकोपेक्षा बरी कळते.

ते दोघे म्हणजे ॲक्झोलॉटल. पाण्यात राहणारा, चार पायांचा, पांढरट प्राणी. तोंड कायम हसरं आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना लाल पिसांसारखे कल्ले. पिसं असतात हे मी नंतर फोनवर पाहिलं, कारण आमच्या दोघांचे कल्ले झिजून नुसते खुंट उरले होते. दोन वर्षांपूर्वी पोरांचं मन रमावं म्हणून डॉक्टरांनी हौसेने आणले, खिडकीखाली उन्हात ठेवले, तळाशी रंगीत खडे घातले, वर झगझगीत दिवा लावला आणि विसरले. थोरल्याच्या अंगावर कापसासारखी बुरशी आली होती. धाकट्याचा पुढचा एक पंजा थोरल्याने भुकेपोटी तोडला होता. आणि तरी दोघे हसत होते. मला रागच आला. हसताय काय, म्हटलं, वाटोळं झालंय तुमचं.

माझा टाकीकडे पाहायचाही संबंध नव्हता. माझं काम आतल्या खोलीत. पण त्या वेटिंग रूममधून मी रोज दोनदा जात होते आणि रोज दोनदा मान फिरवत होते, हेही खरं आहे. त्या संध्याकाळी झाकणाच्या दोन डब्यांत त्यांना घालून घरी आणलं.

नवऱ्याने दारातच डब्यात पाहिलं. "पाली आणल्यास?"

"पाली नाहीत."

"मग काय आहेत?"

"आजारी आहेत."

"विकतचं दुखणं घेऊन आलीस म्हण."

"विकत कुठे? फुकट मिळालंय."

मी आयुष्यात कधी मांजरसुद्धा पाळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाळीव माशांच्या दुकानात गेले. दुकानदार काटकुळा, तुसडा माणूस. फोटो पाहून त्याने आधी मलाच झापलं. मी म्हटलं, "भाऊ, शिव्या नंतर द्या, आधी काय करू ते सांगा."

त्याने सांगितलं. थंड पाण्यातला जीव आहे, अठरा अंशांच्या वर पारा जाता कामा नये. खडे नकोत, गिळले की पोटात अडकतात. नळाचं पाणी औषधाचे थेंब टाकल्याशिवाय वापरायचं नाही. खायला गांडुळं. "आणि घाई करू नका, ताई. पाणी मुरू द्या." मी एक टाकी आणि फिल्टर विकत घेतला, मग स्वतःच्या टाकीतला एक जुना, तपकिरी स्पंज त्याने पिशवीत घालून दिला. "हा तुमच्या फिल्टरमध्ये बसवा. जपा हं याला."

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "तरीच! मला वाटलंच होतं, कुठेतरी पाणी मुरतंय." पण फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या त्यानेच भरून ठेवल्या, एक वितळली की दुसरी टाकीत सोडायला.

आता माझी अक्कल ऐका. तो स्पंज मी हातात घेतला आणि मला शिसारी आली. बुळबुळीत, मातकट, कुबट वासाचा. आजारी जिवांच्या पाण्यात हे असलं घालायचं? जपा म्हणाला होता ना, मग मी जपलाच. दवाखान्यात नेला. सगळी अवजारं आवरल्यावर शेवटी एकटा स्पंज पाकिटात घालून वाफेने जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये लावला. पाकिटावरच्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या, म्हणजे आत एकही जंतू जिवंत नाही. स्पंज कसा लख्ख निघाला. मी तो फिल्टरमध्ये बसवला, दोघांना टाकीत सोडलं आणि स्वतःवर खूश होऊन झोपले.

चौथ्या दिवशी थोरला खायचा थांबला. पाचव्या दिवशी धाकटा पोट वर करून तरंगत होता. शेपटीचं टोक आकडीसारखं वळलेलं, अंगावर लाल चट्टे. बोट लावलं तर जेमतेम हलला.

टाकीतलं पाणी बाटलीत भरून मी दुकानात धावले. दुकानदाराने नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं ते गर्द हिरवं झालं.

"हे त्यांच्याच घाणीचं विष आहे. स्पंज कुठे गेला?"

"आहे की. स्वच्छ करून लावलाय."

"कसा स्वच्छ केला?"

मी अभिमानाने सांगितलं. किती अंश, किती मिनिटं, किती दाब. त्याने नळी खाली ठेवली.

"ताई, तो मळका नव्हता, जिवंत होता. त्यात जे जंतू होते ते हे विष खातात. ते वाढतात तेव्हा आम्ही म्हणतो पाणी मुरलं. मी तुम्हाला जंतूच दिले होते."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. डॉक्टरांनी दोन वर्षांत जे केलं नाही ते मी पाच दिवसांत करायला निघाले होते, आणि तेही माझ्या एकुलत्या एका हुशारीने. लाज वाटली, खूप वाटली. पण रडत बसून धाकटा सुलटा होणार नव्हता. मी म्हणाले, "दुसरा स्पंज द्या. याला साबणसुद्धा दाखवणार नाही."

त्याने टाकीतून आणखी एक स्पंज काढून दिला.

मग सात आठवडे दोन टब, सकाळ-संध्याकाळ ताजं गार पाणी, आणि कोपऱ्यात बिनजीवाची टाकी मुरत पडलेली. माझी जाऊ येऊन म्हणाली, या वयात नातवंडं खेळवायची सोडून हे काय? मी म्हटलं, नातवंडांना आई-बाप आहेत. थोरल्याची बुरशी गेली. धाकटा एका सकाळी टबाच्या तळाशी नीट चार पायांवर बसलेला दिसला. म्हणजे साडेतीन पायांवर. मग त्या खुंटातून एक गुलाबी कळी आली, कळीची बोटं झाली. "चार आहेत गं," नवरा चष्मा लावून म्हणाला, "मोजली मी." कल्ल्यांना लाल झालर फुटली. नळीतलं पाणी पिवळं राहिलं, तेव्हा दोघांना टाकीत सोडलं.

चूक केली ती मीच. फोटो काढला आणि दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टला दाखवला.

"मावशी, कमाल केलीत!" डॉक्टर दुसऱ्या दिवशी म्हणाले. "वेटिंग रूम नवी केलीच आहे. आणा त्यांना परत."

"नाही आणणार."

त्यांना ऐकू आलं नसावं, कारण रविवारी ते स्वतःच बादली घेऊन घरी आले. नवरा माझ्या कानाशी पुटपुटला, "आयत्या बिळावर नागोबा." डॉक्टर टाकीसमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा खरोखर हरखला. तेवढं मी नाकारत नाही.

"दवाखान्याचेच आहेत ना, मावशी. मीच आणले होते."

"तुम्ही आणले होते. जगवले मी. आणि मारायलाही निघाले होते, तेही मीच. तुम्ही तेवढंसुद्धा केलं नाहीत."

"उद्या कामावर यायचंय ना तुम्हाला?"

"यायचंय. वेळेवर येईन. काढायचं असेल तर तोंडावर सांगून काढा, काय करायचं ते करा म्हणू नका."

डॉक्टरांनी खिशातून सॅनिटायझरची बाटली काढली, बाह्या वर सारून सवयीने दोन्ही हात कोपरापर्यंत चोळले आणि धाकट्याला उचलायला हात पुढे केला. बावीस वर्षांत मी त्यांच्या हातात अवजारं दिली होती, हात कधी धरला नव्हता. पाण्याच्या वीतभर वर मी त्यांचं मनगट पकडलं.

"डॉक्टर, एवढा स्वच्छ हात माझ्या पाण्यात घालायचा नाही."