जोतीराम हवालदारांची दुखण्याची वही

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५. मिरजेत सकाळपासून ढगाळ, वारा नाही.

मी दुखणं लिहून ठेवायची वही. अठ्ठावीस पानांची. प्रत्येक पानावर शून्य ते दहा आकडे, त्यांखाली सहा चेहरे. पहिला हसरा, शेवटचा रडका. त्या दिवशी दवाखान्यात माझ्यावर नाव पडलं: जोतीराम, निवृत्त हवालदार, रहिमतपूर.

त्यांचा कर्करोग हाडांत उतरला होता. गोळ्या पुरत नव्हत्या. गांजाच्या झाडापासून केलेल्या तेलानं अशी वेदना कमी होते का, याचं तिथं रीतसर परवानगीनं संशोधन चाललं होतं. तेल कुलपात, थेंबाथेंबाची नोंद. डॉ. ब्राह्मी चौगुले एवढंच म्हणाल्या, की सात दिवस खरं लिहा, मग तेलाचं ठरवू. तेल मिळायला किती आकडा लागतो ते रुग्णाला सांगायचं नाही, असा नियम होता. लोक वाढवून लिहितात म्हणून. कुणी कमी लिहील, हे नियम करणाऱ्यांच्या मनातही आलं नव्हतं.

रहिमतपूरला गाडीतून उतरताच शेजारचा अर्जुना भेटला. हवालदारांच्या पत्नी रंगुबाई यांनी त्याला सगळं सांगून टाकलं. तो हसला.

"काय हवालदार, ह्या वयात गांजा वढायला मिरजंला जाताय व्हय?"

हवालदारांनी मला सदऱ्याच्या आत सारलं.

बुधवारी त्यांनी तीनवर खूण केली. गुरुवारी चारवर. शुक्रवारी दुपारी परसातली पायरी उतरताना त्यांनी टॉवेल दातांत धरला, भिंतीला टेकून बराच वेळ उभे राहिले, मग आत येऊन पुन्हा तीनवर खूण केली. पेन एवढं दाबलं की मला भोक पडलं. आकडा तीनचा, भोक खालच्या दोन पानांतून आरपार.

रंगुबाईंनी रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "आवं, ह्यो हाय तुमचा."

"ह्ये तोंड माझं न्हवं. बावीस वर्सं फौजंत काढल्यात."

"फौजंत मी बघाय नव्हते. आता रोज बघतीया."

त्यांनी मला मिटलं. पुढचे चार दिवस चार, तीन, चार, तीन.

बुधवारी, बारा तारखेला, पुन्हा मिरज. डॉक्टरांनी बेरीज केली आणि मान हलवली. सरासरी किमान सहा लागते, म्हणाल्या. रंगुबाई उठून उभ्या राहिल्या. यांनी खोटं लिहिलंय, शेजाऱ्याच्या एका बोलण्यापायी, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. डॉक्टरांनी पान उलटून भोकांवरून बोट फिरवलं. मग हवालदारांकडे पाहिलं.

"नऊ, म्याडम," ते खाली बघत म्हणाले. "रोज नऊच व्हतं."

त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदाच निघालं, आणि निघालं ते लागणारा आकडा कळल्यावर. डॉक्टरांनी वरिष्ठांना फोन लावला. उत्तर आलं, की लिहिलेलंच धरायचं.

आता मी दवाखान्याच्या फाईलमध्ये आहे. एकवीस पानं कोरी आहेत. तेल चार पावलांवरच्या कपाटात आहे. माझ्यासारखी वही तुमच्या हाती आली, तर ती भरताना शेजाऱ्याचं बोलणं मनावर घेऊ नका. मला दाब कळतो, पण माझ्यातून वाचतात ते आकडेच.

शेवटची नोंद डॉक्टरांच्या अक्षरात आहे: बेरीज २४. सरासरी ३.४३. अपात्र. तेल दिले नाही. पूर्वीच्या गोळ्या वाढवल्या.