कौलं उडाली कोकणात

कोकणात वादळानं समुद्रकाठच्या बंगल्यांची कौलं उडवली, आणि मुंबईकरांना एकदम आमच्या वारूळवाडीची हवा लई मानवायला लागली. एका वकिलाच्या कुटुंबाला मी माझी माडी उन्हाळाभर भाड्यानं दिली. पण माझी बायको ठकूबाई! घरात उतरला तो पावणा, म्हणून तिनं त्यांना रोज कोंबडी खाऊ घातली, निघताना वकिलीणबाईंची खणानारळानं ओटी भरली. त्यावर भाडं मागायला माझी जीभ रेटंना.

यंदा कोकणातले बंगले शाकारून तयार हायेत. तरी वकिलाचा निरोप आला, "तुमच्याकडंच येतो, मेव्हण्यांनाही आणतो."

ठकूबाई कोंबड्या राखून ठेवतीय. मी छपरावर चढून माझ्याच घराची कौलं उतरवतोय. वकिलाला कळवा राव, आमच्याकडंबी वादळ झालं.